बिडीचा खोकला

डॉक्टरनं माझ्या बायकोला हात लावला नाही. टेबलावरची फूटपट्टी घेतली आणि तिच्या टोकानं बायकोची बोटं वर उचलली. नखं निळसर काळी.

"तंबाखूनं काळी झालीत. जन्मभर बिड्या वळायच्या, मग आमच्या दारात येऊन खोकायचं."

कंपाउंडर हसला. डॉक्टर माझ्याकडे वळला. "बिडीचाच खोकला ना, मामा?"

मी म्हणालो, "व्हय साहेब."

तिचा बिडीचा खोकला मी लग्नापासून ऐकत होतो. हा तसा नव्हता. कोरडा होता. अंग तापलेलं. सकाळीच बिड्या वळायला मांडीवर सूप घेऊन ती म्हणाली होती, "आज तंबाखूला वासच न्हाय की." सगळं ठाऊक होतं. पण कोरोना म्हटलं की गल्लीला पत्रे ठोकत. माणूस नेत, तो परत येईल याचा भरवसा नसे. मी घाबरलो. औषधाची बाटली घेऊन आम्ही भवानी पेठेत परतलो.

तिला धाप नव्हती. त्यानंच फसलो. चहा मागत होती, बोलत होती, आणि ओठ निळे पडत होते. मग वाक्यं अर्धी राहू लागली. सरकारी दवाखान्यात बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. नर्स आकडा बघून डॉक्टरला बोलवायला धावली. ऑक्सिजन लावला, तपासणीत कोरोना निघाला. काही दिवसांनी ती गेली. मला तिचं तोंडही दाखवलं नाही.

नंतर बिडी कारखान्याचा मुनीम आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. बायको रोज वळलेल्या बिड्या द्यायला कारखान्यात जायची, इतर बायांच्या मांडीला मांडी लावून बसायची. कोरोनाचं कळलं तर काम बंद पडेल, म्हणून कुणी विचारलं तर बिडीचा खोकला सांगायचं, असा मालकाचा निरोप होता.

"डॉक्टरपुढं तुम्हीच कबूल केलंत की, कंपाउंडरनं सांगितलं. आणि म्हातारी तशीबी जाणारच होती."

मी उंबरा ओलांडला. गल्लीत आलो. बाया दारांत उभ्या होत्या.

"तिला कोरोना होता. मी खोटं बोललो. ताप असंल, वास गेला असंल, तर धाप लागायची वाट बघू नका. आजच तपासा."

काम बंद झालं. चुली थंडावल्या. काहींनी माझ्याशी बोलणं टाकलं, त्यांचा राग खरा होता. दोघी तपासायला गेल्या, दोघींनाही भरती केलं. एक परत आली.

आजही दवाखान्याची पायरी चढताना मला भीती वाटते. पण गल्लीत कुणी आजारी पडलं की मी सोबत जातो. नीट तपासल्याशिवाय उठणार नाही, असं डॉक्टरला बसतानाच सांगतो. हाकला, पोलीस बोलवा. मी भीत भीत बसून राहीन, पण उठणार नाही.