वेगळं ताट

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात टॅब आला, तेव्हा पहिला आठवडाभर मी त्याच्याशी भांडतच होते. खामगावात कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीतलं हे आमचं छोटंसं केंद्र. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, एरवी फोनवर असतात. बाकीचे दिवस येणारी माणसं, एक सिस्टर आणि समुपदेशक म्हणून मी. टॅबमधल्या सॉफ्टवेअरचं काम असं, की रुग्णाची लक्षणं भरली की आणखी काय विचारायचं, कशाचा धोका आहे, कुठलं औषध देऊ नये, हे ते सुचवतं. ठरवायचं डॉक्टरांनीच. पण त्याच्या प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय ते पुढचं पान उघडत नाही. सारखं टोकतं आणि नको ते विचारतं, म्हणून मी त्याचं नाव सासूबाई ठेवलं होतं. भाषाही अशी, की ‘रुग्णाने मद्यसेवन कधी केले?’ असं वाचून दाखवलं तर समोरचा माणूस मान खाली घालून हसायचा. मग मी आपली विचारायची, ‘‘दादा, शेवटची कधी घेतली?’’

त्या दिवशी सोनाळ्याचं एक जोडपं आलं. तो गवंडीकाम करणारा, ती भाजी पिकवून बाजारात विकणारी. बसायच्या आधी तिनं पिशवीतून सांबाराची ताजी जुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि रिकाम्या हातानं कुणाकडे जात नाहीत. मला ती बाई त्याच क्षणी आवडली.

बोलत होती तीच. प्रश्न त्याला विचारला तरी उत्तर तिच्याकडून यायचं.

‘‘महिना झाला ताई, दोन घोट घेतले का तोंड लालबुंद होते. छाती धडधडते, उलट्या होतेत. परवा तं रस्त्यातच पडले. हातपाय थंडे पडले होते.’’

गावात कुणी म्हणालं हृदयाचं दुखणं आहे, कुणी म्हणालं नजर लागली. तो नुसता तिच्याकडे बघत बसला होता.

मी सगळं भरलं, आणि पडद्यावर पिवळी पट्टी आली. ‘घरातील कोणी रुग्णाच्या नकळत दारू सोडवण्याचे औषध देत आहे का? नातेवाइकांना एकांतात विचारा.’

माझं डोकंच फिरलं. एवढ्या लांबून नवऱ्याला घेऊन आलेल्या या बाईवर संशय घ्यायचा? पण सासूबाई हटेनात. शेवटी त्याला रक्तदाब तपासायला सिस्टरकडे पाठवलं आणि माझीच चूक असल्यासारखं, दबक्या आवाजात मी तिला तो प्रश्न विचारला.

तिनं एकदा दाराकडे पाहिलं. मग पिशवीच्या तळातून तिनं कागदाची एक पुडी काढून टेबलावर ठेवली. बाजारातल्या कुणीतरी तिला गोळ्या आणून दिल्या होत्या. रोज एक गोळी बारीक करून ती त्याच्या भाजीत मिसळत होती. ही गोळी आम्हीही देतो, पण माणसाला सांगून, तपासून देतो. ती अंगात असताना दारू घेतली तर माणूस असाच लाल होतो, रक्तदाब खाली जातो, जीवही जाऊ शकतो.

‘‘अहो, तुमच्या हातानं मेला असता तो!’’ मी ओरडलेच.

‘‘तसेही मरूनच राह्यले होते, ताई,’’ ती म्हणाली. ‘‘रोज डोयासमोर किती पाहू मी?’’

माझा राग कुठल्या कुठे गेला. खरं सांगते, तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तिनंच माझा हात धरला.

‘‘त्याइले नका सांगू. मंग माह्या हातचं खानार नाहीत ते. तेवढंच तं राह्यलं आहे आमच्यात.’’

टॅबचं पुढचं पान विचारत होतं, ‘रुग्णाला माहिती दिली आहे का?’ तिथे खोटंच ‘होय’ करून टाकावं, असं मनात आलं. पण आधी मी डॉक्टरांना फोन लावला.

‘‘सांगावंच लागेल,’’ ते म्हणाले. ‘‘पुडी आजपासून बंद. पण अंगात तिचा असर अजून काही दिवस राहणार. तो इथून जाऊन प्यायला तर? तिलाच सांगू द्या, तुम्ही शेजारी बसा.’’

तो आत आला. ती पदराचं टोक पिळत राहिली. आता मीच सुरुवात करावी म्हणत होते, तेवढ्यात त्याचं लक्ष टेबलावरच्या पुडीकडे गेलं.

‘‘हे व्हय?’’ तो म्हणाला. ‘‘हे तं मले मालूम आहे.’’

‘‘कवापासून?’’ तिनं दचकून विचारलं.

‘‘ताट वेगयं झालं तवापासून.’’ मग तो माझ्याकडे वळला. ‘‘लगन झालं तसे आम्ही एकाच ताटात जेवतो, ताई. मी पिऊन आलो तं ही शिव्या दे, पन जेवाले थांबे. एक दिवस माह्यापुढं वेगयं ताट आलं. म्हने, मले भूक नाही. तवाच समजलो, भाजीत कायतरी आहे.’’

‘‘मंग खाल्लं काऊन तुमी?’’

‘‘मले दारू सुटून नव्हती राह्यली. पाय तिकडंच जात. म्हटलं, तुह्या हातानं सुटली तं सुटली.’’ मग तिच्याकडे बघून तो म्हणाला, ‘‘अन् जहर तं तू देनार नाही, एवढं मालूम होतं.’’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी टॅबवर वाकले. मग त्याला सगळा धोका नीट समजावून सांगितला. आता एक थेंबही नाही, ज्यात दारूचा अंश असतो असा औषधी काढाही विचारल्याशिवाय नाही. ‘उपचाराला तुमची संमती आहे का?’ हे मात्र मी त्याला टॅबच्याच भाषेत विचारलं. ती सवयीनं उत्तर द्यायला गेली आणि थांबली.

‘‘हाव,’’ तो म्हणाला.

पुढे तपासण्या चांगल्या आल्यावर डॉक्टरांनी त्याला तीच गोळी सुरू केली. आता ती गोळी ती त्याच्या तळहातावर ठेवते. औषध कोणाच्या देखरेखीखाली, असं टॅब दर खेपेला विचारतो आणि मी ‘पत्नी’वर बोट ठेवते. सासूबाईंशी माझं आता बरं चाललंय. मधे एकदा चिडून तिचा नवरा यायचा बंद झाला होता, तीच त्याला पुन्हा घेऊन आली.

पण माझ्या मनात राहिली आहे ती त्या पहिल्या दिवसाची दुपार. एसटीला वेळ होता, म्हणून दोघं आमच्या ओसरीत डबा उघडून बसली. हा आता हिच्या हातचं खाईल का, या धास्तीनं मी खिडकीतून बघत होते. तिनं डब्याच्या झाकणावर भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली, झाकण त्याच्यापुढे सरकवलं आणि हात मांडीवर घेऊन बाजूला बघत बसली.

त्यानं भाकरीला हात लावला नाही. झाकण ओढून दोघांच्या मधोमध ठेवलं.

‘‘जेव ना वं,’’ तो म्हणाला.

पहिला घास तिनं घेतला. मग त्यानं.