नळदुर्गच्या पायरीवरची कोरी जागा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला तिटकारा आहे, आधीच सांगतो. ज्यांना भरदिवसा कामं नसतात त्यांना भुतं दिसतात... हे माझं मत होतं, आणि बऱ्याच अंशी अजूनही आहे. तरी लिहितोय.

निजामाची राजवट शेवटच्या घटका मोजत होती तेव्हाची गोष्ट. मी शाळेत हंगामी ड्रॉइंग मास्तर. तालुकदार साहेबांना, म्हणजे आमच्या कलेक्टरांना, नळदुर्गच्या किल्ल्याचं जलरंगातलं चित्र हवं होतं — पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर गावी जाऊन ज्वारी खुरपा! सकाळी नऊलाच बुरुजाच्या पायऱ्यांसमोर कागद ताणून बसलो.

किल्ल्याचा राखणदार बसप्पा, अर्धा कानडी आणि पुरता अडाणी. दुपारी चित्राकडं बघून म्हणाला, "मास्तर, समदं झ्याक हाय... पर तिसऱ्या पायरीवर अज्जा बसलेत, त्यास्नी काढलंच न्हाय तुमी."

पायरी रिकामी होती!

"अज्जांना म्हणावं सरका, मला सावली रंगवायचीय."

"आसं बोलू ने मास्तर. इथं काय बी करायचं तर त्यास्नी इचारून करत्यात. इचारा की येकडाव."

असल्या खुळचटांशी मी वाद घालत नाही.

जलरंगात ऊन रंगवत नाहीत. उन्हाच्या जागी कागद कोरा सोडतात. ती पायरी सावलीत, म्हणून निळसर रंगाचा हात दिला. वाळल्यावर बघतो तर मधोमध कोरा कागद — गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याच्या आकाराचा, पटक्यासकट! पुन्हा हात दिला. तिसऱ्यांदा दिला. बाकी पायरी काळीठिक्कर पडली, ती जागा कोरीच. मेण लागलंय का म्हणून नखानं खरवडलं, शेवटी चाटूनसुद्धा पाहिलं... काही नाही. दुसरा कागद नव्हता, आणि चित्र संध्याकाळी द्यायचं होतं. भीती वाटत होती, साफ सांगतो. तशीच सही ठोकली आणि निघालो.

साहेबांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"किला तो कोई बी बना लेता, मास्टर," ते म्हणाले, आणि नेमकं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "मगर ये बुजुर्ग... छाँव में बैठे हैं, और सारी धूप इनोंच पे है! वाह!"

मी मान खाली घालून "जी हुजूर" म्हणालो. नोकरी कायम झाली.

तिथं रंग का धरला नाही, ते मला आजही कळलेलं नाही. तिथं अज्जा बसलेत हे बसप्पाचं म्हणणं मी मानत नाही. पण ज्या चित्राच्या जोरावर जन्मभर पोरांना चित्रकला शिकवली, त्यात कौतुक झालं ते फक्त त्या म्हाताऱ्याचं... आणि तेवढाच मी काढलेला नव्हता.