काकींच्या फळीवरचं औषध

माझ्या मुलीला काजू चालत नाही हे आम्हाला बांद्याला एका बारशात कळलं. काजूकतलीचा तुकडा तिने खाल्ला आणि बघता बघता ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकू लागला. वाचली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर दवाखाना गाठेपर्यंत थांबू नका, इंजेक्शन जवळ ठेवा. आम्ही राहतो वेंगुर्ल्यात. इथे कारखान्यातल्या भाजक्या काजूचा वास घरात येतो आणि उन्हाळ्यात घरोघरी ओल्या काजूगरांची उसळ होते.

दिराने दुबईहून इंजेक्शनची दोन पेनं आणून दिली. मांडीवर दाबलं की सुई आपोआप आत जाते, अशी.

मी शाळेत शिकवते, नवरा कुडाळला नोकरीला. मुलीला ठेवायला जवळ एकच जागा होती, गल्लीतल्या काकींचं पाळणाघर. काकींचे यजमान वारलेले, मुलं मुंबईला. पडवीत त्या पोरं सांभाळायच्या. औषधाचं ऐकून त्या घाबरल्याच.

"माका सुई टोचूक जमाची नाय गो."

मी सरावाचं बिनसुईचं पेन त्यांच्या हातात दिलं. उशीवर दाबून दाबून त्या शिकल्या. खऱ्या पेनांचा डबा त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. पोरांचा हात पोचणार नाही, आपला लगेच पोचेल असा. वर्षभर त्याला हात लावायची वेळ आली नाही.

एप्रिलात एका मुलाच्या डब्यात काजूगरांची उसळ आली. काकी पाणी आणायला आत वळल्या तेवढ्यात त्याने माझ्या मुलीला प्रेमाने घास भरवला.

शाळेत फोन आला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती खाटेवर बसून होती, डोळे अजून सुजलेले. "वेळेवर दिलं म्हणून," डॉक्टर एवढंच म्हणाले. काकी बाहेर बाकावर होत्या. रिकामं पेन मुठीत घट्ट धरलेलं. मी सोडवून घ्यायला गेले तर त्यांची बोटं उघडेनात. मी त्यांच्या पाया पडले.

थोड्या दिवसांनी संध्याकाळी त्या घरी आल्या. हातात तो डबा, उरलेल्या एका पेनासकट.

"ह्या तुझ्याकडे ठेव. माका आता जमाचा नाय."

"काकी, तुमी होतास म्हणान ती आसा."

"ता खरा गो. पण डोळे मिटले काय तिचा निळा पडलेला तोंड दिसता. त्या दिवशी माझो हात चललो. उद्या नाय चललो तर? मी तुका काय सांगू?"

मी खूप विनवलं. त्या रडत होत्या, पण डबा काही त्यांनी परत घेतला नाही. त्या गेल्यावर मला त्यांचा राग आला. जिने माझं मूल वाचवलं तिचाच राग, आणि तो कुणापाशी बोलूनही दाखवता येईना.

मग मी दोन बालवाड्यांत विचारलं. एका ठिकाणी बाई गोड हसून म्हणाल्या, "औषध ठेवण्याची जबाबदारी आम्ही घेत नाही." दुसरीकडे, थोडी मोठी झाल्यावर आणा, म्हणाले. जूनपासून मी बिनपगारी रजेवर आहे. सकाळी शाळेची घंटा घरात ऐकू येते. मुलगी सुरुवातीला रोज चपला घालून दारात उभी राहायची. "काकीकडे?" आता विचारत नाही.

परवा बाजारात काकी भेटल्या. मुलगी धावत जाऊन त्यांच्या लुगड्याला बिलगली. त्यांनी तिला उचललं, गालावरून हात फिरवला आणि सवयीने पिशवीतून एक केळं काढलं. सोलायला घेतलं आणि थबकल्या. माझ्याकडे बघितलं.

"चलात मां गो हिका?"

"केळं चलता, काकी. द्या तुमी."

तरी त्यांनी ते तिला दिलं नाही. माझ्या हातात ठेवलं, तिला खाली उतरवलं आणि पदराने डोळे पुसत मासळीबाजाराकडे निघून गेल्या. मुलगी हात पुढे करून तशीच उभी होती.