बेप्पे साहेबाची अंगठी

कापूस दाबून गाठी बांधायच्या प्रेसमध्ये काम केलं की अंगाला कापूस चिकटतो आणि डोक्याला किस्से! कापूस झटकता येतो. आमच्या अकोल्याच्या प्रेसमधले बेप्पे साहेबाचे किस्से मात्र अजून निघत नाहीत.

कापसाला तेजी आली आणि तिच्यामागोमाग यंत्र सांभाळायला हा इटलीचा मिस्त्री आला. त्याचं गाव समुद्रकाठचं. म्हणे उन्हाळ्यात लांबलांबून श्रीमंत लोक तिथे नुसते समुद्रात डुंबायला येतात! बायकांसाठी चाकांची लाकडी खोली असते, घोडा ती थेट पाण्यात नेतो.

आमचा गाडीवान सखाराम म्हणाला, "घोडा कायले, साहेब? तो बुजते. बैल लावा!"

*

प्रेसच्या फाटकाशी गंगाबाई माळीण भाजी विकायची. तिने एकदा विचारलं, "समुद्र केवढा असते?"

बेप्पेने दोन्ही हात पसरले. "नजर जाती वहाँ तक पानी! पर पीने का नहीं. खारा."

ऊन मी म्हणत होतं. गंगाबाईच्या घागरीत तळाशी दोन पेले पाणी.

"मंग एवढं ठेवलं कायले?"

*

त्याच्या गावी सणाला होड्यांना फुलं वाहतात. म्हणून पोळ्याला त्याने प्रेसच्या यंत्रावर झूल टाकली, हार घातला! मोठे साहेब भडकले. "काम चालू करो!"

सखारामने हात जोडले. "पोळ्याच्या दिवशी बैलाले जुपत नाई, साहेब."

सगळ्यांना सुट्टी मिळाली! पुरणपोळ्या बेप्पेने आमच्यापेक्षा जास्त खाल्ल्या.

*

बोटातल्या अंगठीचं त्याने पुढे सांगितलं. दर वैशाखात गाव एक अंगठी समुद्राला देतं, लग्नच लावतं म्हणा ना! पोरं बुड्या मारतात. ज्याला सापडेल, त्याने ती वर्षभर घालायची आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या हाताने परत टाकायची. बेप्पेला सापडली आणि हा पठ्ठ्या ती घालूनच जहाजात बसला!

आईची पत्रं यायची. मासळी कमी झाली, गाव मला बोलतं, अंगठी घेऊन ये. पत्र आलं की तो जेवायचा नाही. फार वाईट वाटायचं मला.

*

पुढच्या वैशाखात त्याला तापाने धरलं. घरी जायची आशा उरली नाही. सखारामने त्याला बैलबंडीत घालून नदीवर नेलं. मागोमाग आम्ही प्रेसवाले आणि गंगाबाई.

"मोर्णा पूर्णेत जाते, पूर्णा तापीत, तापी समुद्रात. टाका!"

टाकली. पण वैशाखातली मोर्णा! डोहात गुडघाभर पाणी, तेही जागचं हलेना. बेप्पे ओरडला, "अब ढूँढो! रिवाज है!" पोहता आमच्यात एकालाही येत नव्हतं. सगळे कपड्यांनिशी चिखलात! अंगठी लागली ती गंगाबाईच्या पायाला. बेप्पे कित्येक दिवसांनी हसला.

"अब तुम्हारी. अगले साल तुम डालना. अपने हाथ से."

पावसाळ्यात त्याच तापाने तो गेला. आम्ही सगळे रडलो.

*

वर्ष फिरलं, वैशाख आला. मी कापसाची गठाण बांधत होतो. ती आगगाडीने मुंबईला आणि तिथून जहाजाने बेप्पेच्या इटलीला जायची. कापसात खडा निघाला तरी आमची नोकरी जायची! गंगाबाई टोपली खाली ठेवून सरळ आत आली आणि कोपरापर्यंत हात कापसात खुपसला.

"अवं गंगाबाई, काय करून राहिल्या?"

तिने हात बाहेर काढला, तर बोटात अंगठी नव्हती.

"जहाज बुडालं तं समुद्राले भेटन, पोचलं तं त्याच्या मायले. तू दोर आवळ!"

मी दोर आवळला.