कापड्याच्या उडवीखालची माती

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भाताच्या पेंढ्यावर जिवाणू वाढवून कुजणारं प्लास्टिक करायचं, हा माझा संशोधनाचा विषय होता. काही जिवाणू पोटात चरबीसारखे कण साठवतात. ते कण वेगळे काढले की झालं प्लास्टिक. पण पुण्याच्या मातीत वर्षभर तसा जिवाणू सापडेना. "अजून महिनाभर बघा, नाहीतर विषय बदला," सर म्हणाले. प्रयोगशाळेतली सुनंदा पोलादपूरकडची. ती म्हणाली, "आमच्या गावी, कापड्याला चल. रचलेल्या पेंढ्याच्या उडवीखाली वर्षानुवर्षं तळचा थर कुजतोय."

दुसऱ्याच सकाळी आम्ही दोघींनी भोरमार्गे महाडची एसटी पकडली. वरंधा घाटात सगळे खिडकीबाहेर बघत होते. मी महिन्याचे उरलेले दिवस मोजत होते. वरंधजवळ टायर बसला. तासभर मी रस्त्यावर येरझाऱ्या घातल्या. (तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्यात घाट चालू आहे का, ते आधी विचारा.) महाडच्या स्टँडवर उभ्यानेच भजी-पाव खाल्ला. पुढे पोलादपूरला कापड्याची गाडी चुकली, तेव्हा टेम्पोत बसून गेलो.

सुनंदाच्या आईने कुळथाचं पिठलं नि तांदळाची भाकरी वाढली. माझं जेवणात लक्ष नव्हतं. "काय शोधतेस गो?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"कुजणारा प्लास्टिक कोणाला पायजे? पावसात पानांची इरली सोडून आमी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतला, तो कुजत नाय म्हणूनच."



जेवण झाल्यावर तिनेच कुदळ घेतली नि पेंढ्याची उडवी एका कडेने मोकळी केली. काळ्या, उबदार मातीच्या मी बाटल्या भरल्या. परतताना बांधाजवळ वाकून तिने खताच्या पिशवीच्या चिंध्या उपसल्या.

"लावणीला ह्या हातात येतात. ह्या कुजवशील?"

"नाही मावशी. त्या नाही जमणार. मी करीन ते वेगळं असेल."

"मंग कर बेगीन."

पुण्यात तिसऱ्या बाटलीतल्या मातीने साथ दिली. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंच्या पोटातले कण दिसले. पुढे चार महिन्यांनी त्यांतून नखाएवढा पातळ पापुद्रा निघाला; वाकवताच मोडला. सर म्हणाले, "मोडू दे. विषय टिकला."

त्या पापुद्र्याचा एक तुकडा मी खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरला. धीर नव्हता, दर दोन दिवसांनी उकरून बघायचे. एका सकाळी तो सापडला नाही. सगळी माती वर्तमानपत्रावर ओतून बोटांनी चाळली. काहीच नव्हतं. मग मी शांतपणे कुंडी परत भरली.