पुण्याहून मी का परतले

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, आईला माहीत नाही. बाबा तर भलतंच खरं मानून बसले आहेत, आणि मी त्यांना ते मानू दिलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित बोलता येईल. बघू, कुठपर्यंत जमतं ते.

वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीत मला सगळे सिस्टर म्हणतात. मी इथल्या उपकेंद्रात कंत्राटी नर्स आहे. रस्त्यानं निघाले की ओट्यावरच्या बाया हाक मारून बसवतात, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. बाळंतपण असो, लसीकरण असो, कुणाला ताप असो — मी जाते. मनापासून जाते. ते खोटं नाही. खोटं आहे ते वेगळंच.

पण आधी ललिताबद्दल सांगते. तिच्याबद्दल बोलताना मला बरं वाटतं. तेवढं तरी आधी बोलून घेऊ द्या.

ललिता मंगरूळपीरकडच्या एका तांड्यावरची. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे, आणि लहानपणी तीही सोबत जायची. फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळत, मध्येच शाळा बुडवत, मध्येच पुन्हा धरत ती शिकली. कारंज्याला नर्सिंगला आम्ही एका वर्गात होतो. वसतिगृहात आधी तिचा आवाज यायचा, मग ती. मी घाबरट. पहिल्यांदा इंजेक्शन द्यायची वेळ आली तेव्हा मी मागं सरले, तर तिनं स्वतःचा दंड पुढे केला. "घे, मले टोच. म्या काही मरत नाही."

शिक्षण झालं, नोंदणी झाली, आणि आम्ही पुण्याला निघालो. थेरगावात आणखी काही मुलींसोबत एक खोली घेतली. सकाळी डबा भरायचा, फाईल घ्यायची आणि एकेका हॉस्पिटलच्या पायऱ्या चढायच्या. सगळीकडे एकच प्रश्न — अनुभव किती? मी मान खाली घालायची. ललिता मात्र एका ठिकाणी सरळ म्हणाली, "मॅडम, पयले कोणी कामावर घेतलं तं अनुभव येईन ना. आमी काय तो घरून डब्यात भरून आणावा?" त्या मॅडम हसल्या. नोकरी दिली नाही, पण हसल्या. बाहेर आल्यावर मी रडकुंडीला आलेली, आणि ही रस्त्याच्या कडेला उभी राहून वडापाव खात म्हणते, "चाल, पुढच्या ठिकाणी दुसरं काहीतरी इचारतीन."

शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलात तिला घेतलं. मला नाही. ती बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली. दार अर्धवट उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, माही मैत्रीण बाहेर बसली हाये. तिचा हात माह्यापेक्षा हलका हाये. ती सुई टोचते तं पेशंटले समजत नाही. तिले एकदा पाहून तं घ्या."

त्यांनी मला आत बोलावलं, काम करून दाखवायला सांगितलं, आणि मीही लागले. तुम्हीच सांगा, नोकरी हातात पडल्यावर कोण असं परत आत जातं? मी गेले असते का? नाही. हे मी तेव्हाही जाणून होते.

आता पुढचं. इथं आलं की माझं बोलणं अडतं.

आम्ही दोघी पुरुषांच्या वॉर्डात होतो. कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. एक काका होते, पोटात अल्सर झालेले, स्वभावानं फार गोड. मला "वाशीमकर" म्हणून हाक मारायचे. त्या दुपारी त्यांची जबाबदारी माझ्याकडे होती. जेवणाची ताटं नुकतीच उचलली होती. मी त्यांचं बीपी घ्यायला वाकले, आणि त्यांना उलटी झाली — रक्ताची. माझ्या अंगावर, चादरीवर, सगळीकडे. एवढं रक्त माणसाच्या तोंडातून येऊ शकतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं नव्हतं.

काकांनी माझं मनगट धरलं. घट्ट. ते माझ्याकडे बघत होते. आणि मी — मी त्यांची बोटं सोडवली.

पलीकडच्या खाटेवरून ललिता धावत आली. तिनं त्यांना कुशीवर वळवलं आणि मला ओरडून म्हणाली, "मीना, डॉक्टरले बोलाव! पळ!"

मी पळाले.

डॉक्टर डाव्या हाताच्या खोलीत होते. मी उजवीकडे वळले. जिना उतरले, फाटकाबाहेर गेले, रिक्षा थांबवली. रिक्षात अंगावरचा एप्रन काढून घडी करून पिशवीत कोंबला, रक्त आतल्या बाजूला जाईल असा. एवढं सुचलं मला! मग सुचलं नाही असं कसं म्हणू? खोलीवर जाऊन सामान घेतलं आणि एसटी स्टँड गाठलं. तिकडे एक माणूस मरत असेल, ललिता डॉक्टरांची वाट बघत असेल, हे मला पूर्ण ठाऊक होतं. तरी मी बसमध्ये खिडकीची जागा बघून बसले.

घरी पोचल्यावर ललिताचा फोन आला. मी तो उचलला.

"पोचली ना नीट?" तिनं विचारलं. पहिला प्रश्न हा. मग म्हणाली, "काका वाचले. वॉर्डातल्या मावशीनं डॉक्टर आणले. अन् ऐक, म्या इन्चार्जले सांगितलं का तुह्या बाबाची तब्येत बिघडली, फोन आला, म्हून म्याच तुले धाडलं. कोणी इचारलं तं हेच सांगजो."

डॉक्टर येईपर्यंत ती एकटी होती. तोंडातलं रक्त ओढायला सक्शन लावलं, दुसरी सलाईन लावली, काकांशी बोलत राहिली. हे मला नंतर दुसरीकडून कळलं. आणि त्या सगळ्यातून हात धुऊन ती माझी नोकरी वाचवायला गेली होती. काहून पळाली, असं तिनं तेव्हाही विचारलं नाही, आणि नंतरही कधी नाही.

मी परत गेले नाही. आईला म्हणाले, करमत नाही. बाबा चार लोकांत म्हणाले, "पुण्याची नोकरी सोडून पोरगी गावासाठी आली." मी शेजारी उभी होते. एका वाक्यात ते थांबवता आलं असतं. मी पदर सारखा केला.

पुढे उपकेंद्रात लागले, साथीच्या काळात काम केलं, आणि गावानं ते वाक्य उचलून धरलं. इथपर्यंतचं कदाचित तुम्ही भित्रेपणा म्हणून सोडून द्याल. पण मला सांगायचंय ते याच्यापुढचं आहे.

महिला दिनाला शाळेच्या मैदानावर गावानं माझा सत्कार ठेवला. ललिता होळीसाठी तांड्यावर आली होती. कुठून तरी तिच्या कानावर गेलं, आणि ती बस बदलून इंझोरीला आली. मी मंचावरून पाहिलं तर पुढच्या रांगेत, माझ्या आईजवळ बसलेली. मला बघून तिनं हात हलवला.

मला वाटलं, आता बोलावं. खरंच वाटलं. माझ्या हातात माईक आला. आणि मी म्हणाले —

"पुण्यात पैसा खूप आहे, पण माया नाही. माझ्यासोबतच्या मुली आजही तिथंच आहेत. त्यांना ते जमलं. मला माझी माणसं सोडून राहणं जमलं नाही."

टाळ्या पडल्या. ललितानंही वाजवल्या. तिच्या बापाचं घर, भावंडांचं शिक्षण तिच्या पुण्यातल्या कामावर चाललं होतं, हे मला माहीत होतं. ती तिथं किती जणांच्या उशाशी उभी राहिली असेल, तेही. तरी मी ते बोलले. तिच्या तोंडावर.

नंतर घरी चहा झाला. आई तिला म्हणाली, "तू बी ये ना वो इकडंच. काय ठेवलं त्या पुण्यात?"

ललिता हसली. "मले नाही जमत काकू तिच्यावानी. मीना पयल्यापासून हिमतीची हाये." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला अवघड होऊ नये म्हणून पाहिलं नाही, हे मला तेव्हाच समजलं. मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. बस. एवढंच केलं.

आज ती तिथं आयसीयूची इन्चार्ज आहे. नवीन आलेली मुलगी रक्त बघून गोठली, तर ललिता म्हणे तिला रागावत नाही. मागं उभी राहते, पाठीवर हात ठेवते आणि म्हणते, "मी इथंच हाये, तू कर." तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली मला हे सांगतात, तेव्हा माझा ऊर भरून येतो. इतकी मोठी बाई माझी मैत्रीण आहे. आणि मी तिला काय दिलं?

मध्यंतरी गावातली एक मुलगी नर्सिंग पास होऊन माझ्याकडे आली. तिची आई सोबत होती. "हिले समजाव सिस्टर," आई म्हणाली, "तू कशी सारं सोडून वापस आली ते सांग." मुलगी माझ्याकडे बघत होती. खोलीत आम्ही तिघीच होतो. यापेक्षा सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

मी म्हणाले, "जाऊ द्या हिला. ललिताताईकडे पाठवते." आणि मग मुलीनं हळूच विचारलं, "पण ताई, तुमी काहून आल्या?"

"करमलं नाही," मी म्हणाले.

ती मुलगी गेली. ललिताच्या हाताखाली लागली. आमच्या मीनाताईनं गावासाठी पुणं सोडलं, हे तिनं तिथं एव्हाना सांगितलंच असेल. आणि ललिता काय म्हणाली असेल, हेही मला माहीत आहे. ती 'हो' म्हणाली असेल.