मुलाचाही दाखला

पगाराचा दाखला म्हणजे वर्षभरात किती पगार दिला आणि त्यातून किती इन्कमटॅक्स कापला, हे सांगणारा शाळेच्या शिक्क्याचा एक कागद. टॅक्सचं रिटर्न भरायचं तर तो जोडावा लागे, आणि आमच्या शाळेचा हेडक्लार्क तो सवडीनं लिही. सुट्टी लागली की हा गृहस्थ करमाळ्याला गावी जायचा, तो शाळा उघडल्यावरच उगवायचा. जूनअखेरची मुदत तोंडावर आली की आम्ही दोघीतिघी टॅक्स भरणाऱ्या शिक्षिका त्याच्या टेबलाभोवती घिरट्या घालायचो. "होतंय की बाई," एवढंच तो म्हणायचा. सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. बाईमाणसाच्या पगारातून टॅक्स कापला जातो याचं लोकांना कौतुक होतं, आणि मला त्याचा ताठा नव्हता असं म्हणाले तर खोटं होईल.

त्या वर्षी मला सत्ताविसावं लागलं होतं. "घोडनवरी" हा शब्द घरात कुणी काढत नसे, पण आलेगेले माझं वय दोनदोनदा विचारत. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, भुसार मालाचं दुकान होतं. ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून बघितल्याशिवाय ते पोतं घेत नसत. उन्हाळ्यात आईच्या मामांनी एक स्थळ आणलं. मामांचं नवी पेठेत कापडाचं दुकान होतं, त्यामुळे अर्ध्या सोलापूरच्या मुलामुलींची खबर त्यांच्याकडे असे. मुलगा अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस होता. पगार माझ्यापेक्षा चांगला शंभरानं जास्त, असं त्याच्या वडिलांनी मामांना सांगितलं होतं.

बघायला आले. चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. मुलगा सगळा वेळ खाली बघत होता. मग त्याचे वडील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरीचा पगार चांगला हाय म्हणत्यात. पर म्हणणं येगळं आन् कागद येगळा. त्यो टॅक्साला जोडायचा दाखला असतोय न्हवं, तेवढा बघायला मिळाला तर बरं हुईल."

अप्पांना यात काहीच वावगं वाटलं नाही. माल बघूनच सौदा करणारा माणूस! "आला की दावतो," ते म्हणाले.

मी रिकाम्या कपबशा उचलत होते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि त्या दिवशी तो अडवायलाही मी गेले नाही. म्हणाले, "जरूर दाखवीन. पण मुलाचाही दाखला आणा. दोन्ही शेजारी ठेवून बघू."

आईनं स्वयंपाकघराच्या दारातून कानडीत "अय्यो शिवने!" म्हटलेलं सगळ्यांना ऐकू आलं. मामांना ठसका लागला. मुलानं मात्र त्या दिवसात पहिल्यांदाच मान वर केली आणि तो हसला. खरंच हसला. ते हसणं मला आवडलं होतं, हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

मंडळी गेल्यावर स्थळ गेल्यात जमा, असं सगळ्यांनी धरून टाकलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शाळा उघडली, हेडक्लार्क करमाळ्याहून परतला, आणि त्याच आठवड्यात मामा एक बंद पाकीट घेऊन आले. "तुझ्या नावानं हाय," ते म्हणाले. "पोरगा सोता दुकानात येऊन दिऊन गेला. अप्पाच्या हातात दिऊ नका म्हनला."

आत त्याच्या पगाराचा दाखला होता, आणि चार ओळींची चिठ्ठी. 'वडिलांनी सांगितलेला आकडा खरा नाही. खरा हा आहे. बघून झाल्यावर परत द्यावा, जूनअखेर रिटर्नला लागेल.'

चार दिवसांनी माझाही दाखला हातात पडला. तोंडानं म्हटलं होतं तसे मी ते दोन्ही कागद खरोखरच शेजारी ठेवले. त्याचा पगार माझ्यापेक्षा महिन्याला साठ रुपयांनी कमी होता.

रात्री जेवणं झाल्यावर मी पुढे ठेवलेले दोन्ही कागद अप्पांनी चष्मा लावून वाचले आणि घडी करून माझ्यापुढे ठेवले. "तुझ्या मनात काय हाय ते सांग. मी जबरदस्ती करणार न्हाय."

माझ्या मनात आमची स्टाफरूम होती. नवऱ्याला माझ्यापेक्षा कमी पगार आहे हे कळल्यावर तिथल्या बायका काय काय बोलतील, ते मला जसंच्या तसं ऐकू येत होतं. "नको," मी म्हणाले. "खोटं बोलणारी माणसं आहेत."

"बाप खोटं बोलला," अप्पा म्हणाले. "पोरगं तर खरं बोललं की."

मी उठून भांडी घासायला गेले. अप्पांनी एक दिवस वाट बघितली आणि मग मामांकरवी नकार कळवला.

त्याचा दाखला मात्र माझ्याकडेच राहिला. मामांच्या दुकानात नेऊन देणं दहा मिनिटांचं काम होतं. पण मामा कारण विचारतील या भीतीनं आज देऊ, उद्या देऊ करत जूनचा शेवट आला. अखेर शेवटच्या दिवशी माझं रिटर्न भरायला जाताना तो कागद बरोबर घेतला. परतताना मामांकडे टाकायचा, असं ठरवलं होतं.

इन्कमटॅक्स ऑफिसात मुदतीची गर्दी होती. रांगेत माझ्यापुढे सातआठ माणसं, आणि अगदी खिडकीशी तो. आतला कारकून त्याला विचारत होता, "दाखला कुठाय?"

"एकांकडं राहिलाय. दुपारपर्यंत आणतो."

"आज शेवटचा दिवस हाय, माहीत हाय न्हवं?"

"माहीत आहे," तो म्हणाला. कुणाकडे राहिलाय, का राहिलाय, यातलं एक अक्षर त्यानं काढलं नाही. मी रांग सोडून पुढे झाले आणि कागद त्याच्या हातात दिला. त्यानं कागद घेतला, टाचणी मागून घेतली, रिटर्नला नीट लावला, पोचपावतीवर शिक्का घेतला. मग बाहेर व्हरांड्यात येऊन माझ्याजवळ थांबला.

"एक विचारू? रागावू नका. नकार घरच्यांचा होता का?"

'नाही, माझाच होता' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? "हो," मी म्हणाले. "अप्पांचा."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मला वाटलंच. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर माझा दाखला मागितला, तेव्हाच मी मनात म्हटलं, ही मुलगी पगार बघून माणसाला नाही म्हणणार नाही." नमस्कार करून तो सायकल काढायला गेला. मी त्याला हाक मारली नाही. परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.

पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. मामांनी पत्रिका आणून दिली, पण मी गेले नाही. मलाही नंतर चांगला नवरा मिळाला, संसार झाला, तक्रार करण्यासारखं काही नाही. पण तो माणूस कुठेही असला तरी त्याच्या मनात मी अजून तितकीच चांगली असणार, आणि हे मला आजही सहन होत नाही.